तरसाच्या दारात एक चप्पल

तरस हसतं का, हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना विचारला गेला आहे. हसतं म्हणतात ते आफ्रिकेतलं, ठिपक्यांचं तरस. आपलं पट्टेरी तरस बहुतेक वेळ गप्प असतं. माणसांच्या शेजारी राहून त्यानं जे जे पाहिलं आहे त्यात हसण्यासारखं फारसं काही नसावं.

मी भिंगारची. वडील लष्कराच्या स्टोअरमध्ये कारकून होते आणि घरात शिस्त अशी, की चपलासुद्धा परेडला उभ्या असल्यासारख्या लावलेल्या असत. अशा घरातली मुलगी प्राणिशास्त्र शिकून पाथर्डीच्या उघड्याबोडक्या डोंगरांत तरसांच्या मागे लागली, हे आईला शेवटपर्यंत पचलं नाही. "जनावरांचाच अभ्यास करायचा तर मोर आहे, हरीण आहे. मेलेल्या ढोरांच्या मागे काय फिरतेस? लोकांना सांगू काय मी?" असं ती विचारायची. तिचं चूक नव्हतं. तरस बघायचं तर मेलेली जनावरं टाकायची गावाबाहेरची जागा शोधावी लागते आणि नाकाला रुमाल न लावता तिथं बसायला शिकावं लागतं. मी शिकले. लग्नाची स्थळं त्या वासानंच गेली, असं माझी धाकटी बहीण म्हणते.

हे काम म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. झाडाला गुडघ्याच्या उंचीवर कॅमेरा बांधायचा. जनावर समोरून गेलं की तो आपोआप फोटो काढतो. आपल्या अंगठ्याचा ठसा जसा दुसऱ्याशी जुळत नाही तसे एका तरसाचे पट्टे दुसऱ्याशी जुळत नाहीत; त्यावरून कोण कोण आहे ते ओळखायचं. डावीकडचे पट्टे वेगळे, उजवीकडचे वेगळे, म्हणून एकाच तरसाच्या दोन्ही बाजू मिळेपर्यंत जीव टांगणीला लागतो. शिवाय त्याची विष्ठा गोळा करायची. हाडं खाऊन ती खडूसारखी पांढरी पडते. त्या पिशव्या जीपमध्ये ठेवायला लागल्यापासून आमचे ड्रायव्हर रऊफभाई यांच्या बायकोनं त्या जीपमध्ये पाय ठेवला नाही. ते पण भिंगारचेच. ड्रायव्हर म्हणून आले आणि माझ्या नादी लागून अर्धे संशोधक झाले.

गिऱ्हाईकंही नाना तऱ्हेची यायची. कुणाला औषधाला चरबी हवी, कुणाला गळ्यात बांधायला केस. एक गृहस्थ नगरहून खास गाडी करून आले, तरसाच्या शेपटीचा तुकडा मिळेल का म्हणून. कशाला, तर सासूला वश करायला. मी म्हटलं, "साहेब, सासूबाईंशी दोन गोड शब्द बोलून बघा, स्वस्त पडेल." ते रागावून निघून गेले.

आमचा खरा प्रश्न वेगळाच होता. पट्टेरी तरस एकलकोंडं, असंच सगळे धरून चालत. आम्हाला मात्र तसं दिसत नव्हतं. एक म्हातारी मादी होती. पहिल्यांदा ती दुसऱ्याच मादीच्या पिल्लांजवळ बसलेली दिसली, म्हणून रऊफभाईंनी तिचं नाव 'मावशी' ठेवलं. पुढे तिला स्वतःची पिल्लं झाली, त्यांतला एक नर मोठा झाला. तो आमचा 'थोरला'. वयात आलेल्या नरानं घर सोडावं, आपली सोय बघावी, पण हा पठ्ठ्या आईची घळ सोडेना. मावशीला नवी पिल्लं झाली तरी हा आसपास. दोनदा तर तोंडात मांस धरून घळीच्या दिशेनं जाताना फोटोत सापडला. आम्हाला वाटायचं, हा धाकट्या भावंडांना भरवतोय. स्वतःची पिल्लं सोडून भावंडं का पोसावीत? कारण सख्ख्या भावंडात आपलंही रक्त असतं. ती जगली की आपलंच काहीतरी पुढं जातं. कळपाचं, कुटुंबाचं मूळ कुठंतरी अशाच वागण्यात असावं. पण परिषदांमध्ये हे सांगितलं की मंडळी विचारत, "भरवतानाचा फोटो आहे का?" नव्हता. तो मिळवण्यासाठी घळीसमोरच्या बाभळीला आम्ही कॅमेरा बांधून ठेवला होता.

आता ज्या दिवसाबद्दल मी आजवर लिहायचं टाळलं, त्या दिवसाकडे येते.

आमची भाड्याची खोली एका वस्तीवर होती. वस्तीचं नाव घेत नाही. दिवाळी झाली की तिथली धडधाकट माणसं ऊसतोडीला जात. ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, त्यांत भांडी, गोधड्या, कोंबड्या, माणसं. मागे उरत म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी मुलं. तिथली एक रीत आहे. ट्रॉली पहाटे निघते, आणि मागे ठेवायचं मूल झोपेत असतानाच आई निघते. उठवायचं नाही, निरोप घ्यायचा नाही. रडारड बघून पाय निघत नाही, म्हणून.

आमच्याकडे भाकरी करायला येणारी संगीता त्या वर्षी पोटुशी असूनही निघाली होती. पुणतांब्याकडच्या उसावर त्यांची टोळी जायची होती. तिची सात वर्षांची काजल आजीपाशी, म्हणजे संगीताच्या सासूपाशी राहणार होती. या गयाबाई. आदल्या संध्याकाळी संगीता मला सांगून गेली, "म्याडम, काजलवर ध्यान ठिवा. लई हट्टी हाय ती."

सकाळी गयाबाईंच्या ओरडण्यानं मी बाहेर आले. काजल अंथरुणात नव्हती.

पहिल्यांदा विहीर बघतात. विहिरीत गळ टाकून झाला, शाळा बघून झाली, कडब्याच्या गंजी उपसून झाल्या. मग ज्या लिंबाखाली ट्रॅक्टर उभे होते तिथं एक गुलाबी चप्पल सापडली. एकच. गयाबाईंनी ती ओळखली आणि मटकन खाली बसल्या. पोरगी ट्रॉलीमागं अंधारात पळाली असणार, हे कुणी न बोलताच सगळ्यांना कळलं.

पुरुष डोंगराकडे पांगले. रऊफभाई आणि मी त्यांच्याबरोबर होतो. ऊन चढलं तेव्हा घळीकडून कुणीतरी हाका मारायला लागलं. आम्ही धावत पोचलो. मावशीच्या दारात, हाडांच्या आणि चिंध्यांच्या पसाऱ्यात, दुसरी गुलाबी चप्पल पडली होती. तिच्या पट्ट्यावर दात उमटलेले होते.

तरसं चपला उचलून नेतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. रबर, चामडं, फाटका चेंडू, काय वाट्टेल ते. पिल्लं त्यांच्याशी खेळत बसतात. दारातल्या चपला गेल्या म्हणून वस्तीनं माझ्याशी कितीदा भांडण काढलं होतं. जिवंत, धावतं मूल उचलणारं हे जनावर नव्हे, असं मी शाळाशाळांत छाती ठोकून सांगितलेलं होतं. पण ते दात उमटलेलं एवढंसं रबर हातात घेतल्यावर माझं सगळं शिक्षण कुठल्या कुठे पळालं. मला वाटलं, हिनं खाल्ली. माझ्या मावशीनं खाल्ली.

गयाबाईंचे चुलत दीर दगडूनाना तिथं सगळ्यांत वडीलधारे. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी टॉर्च घेतला, पोटावर पडले आणि खांद्यांपर्यंत आत गेले. आत वळण होतं. वळणावर दोन पिल्लांचे डोळे चमकले, त्यांच्यामागे मोठं अंग हललं. हाडं होती ती ढोरांची, जुनी, पांढरी. कापड नाही, केस नाहीत, ओलं रक्त नाही. मी बाहेर आले आणि म्हटलं, "आत काही नाही, नाना. काजल इथं आलेलीच नाही."

"मंग ही चप्पल चालत आली का?"

"उचलून आणली असेल. नाना, पोरगी ट्रॉलीत तर चढली नसेल?"

दगडूनानांनी मान हलवली. "येडं हाय का मी? ते पयलं माज्या ध्यानात आलं. ट्रॉलीत असती तर संगीनं येव्हाना फोन केला नसता व्हय?"

मला पटलं. बिनतोड होतं ते. त्या घळीत फोनला रेंज नाही, पण गयाबाईंचा फोन घरी होता आणि घरात वस्तीतल्या झाडून साऱ्या बायका जमलेल्या. फोन आला असता तर कुणीतरी पळत आलं असतं.

बाकीचे कुजबुजायला लागले होते. कुणीतरी पोती आणा म्हणालं, कुणीतरी मिरच्या. साळिंदराला बिळातून काढायला मिरचीची धुरी देतात, ती. मी घळीसमोर उभी राहिले. म्हटलं, वनखात्याची माणसं येऊ द्या, ती पिंजरा लावतील, तपासतील. दगडूनाना म्हणाले, "बोलवा. आमी कुटं जातोय?" रऊफभाईंना तिथंच थांबवून मी रेंजसाठी वस्तीकडे निघाले. जवळजवळ पळतच.

शाळेजवळ फोन लागला. वनखात्यातल्या ओळखीच्या माणसानं लगेच निघतो म्हणून सांगितलं. पाणी प्यायला म्हणून मी गयाबाईंच्या अंगणात शिरले.

अंगणात बायका गोल करून बसल्या होत्या. मधोमध एक सूप, आणि सुपात गयाबाईंचा बटणांचा फोन. तो वाजत होता. भजनाची धून होती त्याला. सगळ्या जणी त्या फोनकडे बघत होत्या, आणि एकीचाही हात पुढे होत नव्हता.

"आक्का, फोन वाजतोय," मी गयाबाईंना म्हटलं.

"वाजू द्या बाई. सकाळधरनं वाजतोय. संगीचा हाय."

मला नीट कळलंच नाही. "सकाळपासून? मग उचलला का नाहीत?"

"काय सांगू तिला?" गयाबाईंचा आवाज पार बसला होता. "पोरगी उठली का, जेवली का, हेच इचारनार ती. माज्या त्वांडातनं काय निगंल? पोटुशी हाय. चालत्या ट्रॉलीतनं उडी टाकंल. आमी समद्या बायांनी ठरवलंय, पोरगी घावल्याबिगर ट्रॉलीवरच्या कुनाचाबी फोन उचलायचा न्हाई."

तेवढ्यात शेजारणीच्या ओटीतला फोन वाजायला लागला, मग पलीकडच्या म्हातारीच्या पिशवीतला. त्या घाबरून फोन दाबून धरत होत्या. वस्तीवरचे स्मार्टफोनवाले सगळे ट्रॉलीत गेलेले; मागे हे बटणांचे फोन, आणि तेही मायेपोटी गप्प केलेले.

मी सुपातला फोन उचलला. गयाबाई माझा हात धरायला धावल्या, तोवर मी कानाला लावला होता.

"आत्या! अवो मेलात का काय समदे?" संगीता रडत होती आणि ओरडत होती. "किती फोन करायचे मानसानं? म्याडमचाबी लागंना. काजल हितं हाय, माज्यापाशी! मला वाटलं तिला हुडकत हिरीबिरीत पडलात का काय!"

मी म्हटलं, "संगीता, मी म्याडम बोलतेय. काजल तुझ्याजवळ आहे? नीट आहे?"

"हाय की! मागल्या ट्रॉलीत गोधड्यात निजल्याली. नेवाशापशी च्या प्यायला थांबलो तवा घावली. अनवानी आलीय म्याडम. म्या इचारलं, चपला कुटं गं? तर म्हनती, गोधडीवर चपला घालून चढत्यात का? खाली काडून ठिवल्या."

मी फोन गयाबाईंच्या कानाला लावला. त्यांनी नातीचा आवाज ऐकला आणि फोन धरलेल्या हातानंच स्वतःच्या कपाळावर मारून घ्यायला लागल्या. बायका रडू लागल्या, हसू लागल्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मलाही क्षणभर इतका आनंद झाला की मी सगळं विसरले. मग डोंगराकडे लक्ष गेलं. घळीच्या वरती धूर होता.

त्या वयात मी तशी कशी पळाले कोण जाणे. वाटेत दोनदा पडले. "सापडली, पोरगी सापडली" असं ओरडत होते, पण दम लागून आवाज निघत नव्हता. रऊफभाई वाटेतच भेटले. त्यांचे डोळे मिरचीच्या धुरानं सुजले होते, शर्टाची बाही फाटली होती. "म्याडम, मी आडवा झालो होतो. उचलून बाजूला ठेवलं मला," एवढंच ते बोलले.

घळीचं तोंड दगडांनी बंद केलेलं होतं. फटींतून पिवळट धूर येत होता. मी सांगितलं, काजल ट्रॉलीत आहे, आईजवळ आहे, आत्ता तिच्याशी बोलून आले. दगडूनानांच्या हातात रिकामं पोतं होतं, ते त्यांनी खाली टाकलं. मग तेच पुढे झाले आणि तापलेले दगड हातांनी ओढायला लागले. बाकीचेही धावले.

मावशी दाराशीच होती. दगडांना नाक लावून. तिचा पट्टा न् पट्टा मला पाठ होता. दोन्ही पिल्लं तिच्या पोटाखाली होती. मी त्यांना एकेक करून बाहेर घेतलं. अंग गरम होतं, पण ते धुराचं.

"मला काय ठावं?" दगडूनाना म्हणाले. मग पुन्हा, माझ्याकडे न बघता, "मला काय ठावं, बाई? संगीनं फोन केला न्हाई म्हनून..."

संगीता सकाळपासून फोन करत होती, हे मी त्यांना तिथं सांगितलं नाही. वस्तीवर गेल्यावर त्यांना ते कळलंच. त्यानंतर बरेच दिवस त्यांनी अन्न गोड मानून खाल्लं नाही, असं त्यांची सून सांगायची.

वनखात्याची माणसं आली, पंचनामा झाला, गुन्हा नोंदला गेला. मला विचारलं तेव्हा जे पाहिलं ते मी सांगितलं, जास्त नाही आणि कमी नाही. काही घरं त्यावरून आजही माझ्याशी बोलत नाहीत. त्यांना वाटतं, पोरगी सुखरूप असताना जनावरासाठी बाईनं माणसांना कोर्टाची पायरी चढायला लावली. माझ्या बाजूनं बोलणाऱ्यांचाही मला राग येतो. शहरातली मंडळी 'अडाणी लोक' म्हणतात तेव्हा तर तळपायाची आग मस्तकात जाते. सुनेच्या पोटातलं मूल वाचावं म्हणून सकाळपासून वाजणाऱ्या फोनसमोर हात बांधून बसणं, हा काही अडाणीपणा नाही. त्याला काय म्हणायचं, ते मात्र मला अजून सुचलेलं नाही.

मेलेली जनावरं खात्यानं नेली. गावातली कुत्री आत घुसू नयेत म्हणून घळीचं तोंड पुन्हा दगडांनी बंद केलं. मी खोलीला कुलूप लावून भिंगारला आले आणि अंथरुणाला खिळले. बाभळीवरचा कॅमेरा कुणाच्याच लक्षात राहिला नाही. रऊफभाईंनी तो काही दिवसांनी काढून आणला.

त्यात थोरला होता. त्या दिवशी तो दुसरीकडे कुठंतरी असल्यामुळे वाचला होता. त्याच संध्याकाळच्या फोटोत तो तोंडात शेळीचा पाय घेऊन आला आहे. दुसऱ्यात तो पाय त्यानं दगडांसमोर ठेवला आहे. पुढच्या कितीतरी फोटोंत तो नुसता बसलेला आहे, कान त्या दगडांकडे लावून. दुसऱ्या संध्याकाळी तो पुन्हा काहीतरी घेऊन आला. पहिला पाय तसाच पडलेला. त्यानं त्याला तोंड लावलं नव्हतं, नवीन आणलेलं त्याच्या शेजारी ठेवलं. असं बरेच दिवस.

मोठा भाऊ धाकट्यांसाठी खाणं आणून घळीच्या दारात ठेवतो, याचा इतका स्वच्छ पुरावा आमच्यापैकी कुणाला आजवर मिळाला नव्हता. मी तो परिषदेत दाखवला. घळ बंद का होती, हेही सांगितलं. शेवटी लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी व्यासपीठावरून उतरले आणि सरळ बाहेर जाऊन एका कोपऱ्यात रडले. ज्या फोटोची मी इतकी वर्षं वाट पाहिली, तो असा मिळायला नको होता.

उन्हाळ्यात टोळ्या परतल्या. संगीता बाळाला घेऊन खोलीवर आली, काजल तिच्या पदराला धरून. गावानं तिला सगळं सांगितलं होतं. तिनं माझी माफी मागायला सुरुवात केली, तेव्हा मी तिला गप्प केलं. मग ती म्हणाली, "ते फोटू हायेत म्हनं. मला दावा."

मी कॉम्प्युटर लावला. ती बाळाला थोपटत थोरल्याकडे बघत राहिली.

"ह्यो कोन?"

"तिचा मोठा मुलगा. आधीच्या वेतातला."

"हितं कशाला बसलाय?"

"भावंडांना खायला आणलंय. ती बाहेर यायची वाट बघतोय."

संगीताचा थोपटणारा हात थांबला.

"म्हंजे त्याला कुनी सांगितलंच न्हाई," ती म्हणाली.

मी पुढचा फोटो लावला. त्यातही तो बसलेलाच होता.